ढोम्याच्या डोक्यातील खडा आणि पिलाचा तोल

ठाण्याहून घोडबंदरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या एका अंगास येऊरचे डोंगर व दुसऱ्या अंगास उल्हास नदीची, म्हणजेच वसईची खाडी आहे. कासारवडवली, ओवळे, गायमुख, नागला बंदर ही या रस्त्यावरील गावे पूर्वी भातशेती व मासेमारीवर राहत असत. आज तेथे उंच इमारतींची दाटी झाली आहे. तरी खाडीत जाळे टाकणारी कुटुंबे अद्याप आहेत, आणि डोंगराकडील पाड्यांवर घरटी चार-दोन कोंबड्याही आहेत. या लेखाचा विषय खाडीतील मासा व अंगणातील कोंबडी या दोहोंशी संबंधित आहे. दोघांच्याही डोक्यात चुन्याचे खडे असतात. ते कसे तयार होतात हे समजल्यास, अंड्यातून निघालेली काही पिले मान मागे टाकून का पडतात आणि त्यांच्यावर केलेला उपाय व्यर्थ का जातो, याचा उलगडा होतो.

ढोमा कापताना डोक्याच्या मागील भागात, मेंदूच्या खाली, पांढरे शुभ्र व टणक असे दोन खडे निघतात. मासळी साफ करणाऱ्या स्त्रियांस ते नित्य दिसतात. ते हाड नव्हे, की माशाने गिळलेली वाळूही नव्हे. ते माशाच्या अंतर्कर्णातील, म्हणजे आतील कानातील खडे होत. शास्त्रीय भाषेत त्यांस कर्णाश्म म्हणतात. माशास बाहेरून कान दिसत नाही, परंतु आतील कान त्यास पूर्णपणे असतो, आणि प्रत्येक बाजूस लहानमोठे तीन खडे असतात. ढोमा, घोळ, कोथ या मासळीच्या कुळात त्यांपैकी एक खडा फार मोठा वाढतो. या कुळातील एका जातीचे शास्त्रीय नावच ‘ओटोलिथस’, म्हणजे कानाचा खडा, असे ठेवलेले आहे. शिंगाळ्याच्या डोक्यातही असा मोठा खडा सापडतो, मात्र तो तिहींपैकी दुसराच. घोळ माशाच्या पोटातील फुग्याला मोठी किंमत येते म्हणून त्याकडे सर्वांचे लक्ष असते. डोक्यातील खडे मात्र टाकून दिले जातात.

या खड्याचे काम साधे आहे. माशाचे शरीर जवळजवळ पाण्याइतकेच जड असते, म्हणून पाण्यातून ध्वनीची लाट आली की शरीर पाण्याबरोबरच हलते. खडा मात्र पाण्याच्या सुमारे तिप्पट जड असल्याने मागे रेंगाळतो. त्याच्या खाली सूक्ष्म केस असलेल्या पेशींचा थर असतो. खडा मागे राहिला की हे केस वाकतात व मेंदूस खबर पोहोचते. मासा कलला तरीही असेच घडते. खडा आपल्या वजनाने खालच्या बाजूस ओढला जातो आणि वर कोणती बाजू व खाली कोणती, हे माशास कळते. गढूळ खाडीत, जेथे हातभर अंतरावरचे दिसत नाही, तेथे हे ज्ञान किती मोलाचे आहे हे निराळे सांगावयास नको.

पशुपक्ष्यांच्या व मनुष्याच्या कानातही हीच योजना आहे. फरक इतकाच, की तेथे एक मोठा खडा नसून हजारो बारीक स्फटिक एका चिकट पडद्यावर पसरलेले असतात. एकेक स्फटिक मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास असतो. वयस्कर माणसास बिछान्यात कूस बदलताच घरे फिरल्यासारखी वाटतात, त्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे यांतील काही स्फटिक जागचे सुटून शेजारच्या नळीत शिरणे हे होय.

खडा बसतो कसा

खडा ज्या द्रव्याचा बनतो ते कॅल्शियम कार्बोनेट होय. शिंपला, अंड्याचे कवच व चुनखडी यांतील मुख्य द्रव्यही तेच. माशाच्या मोठ्या खड्यात त्याची अ‍ॅरॅगोनाइट नावाची मांडणी असते, तर कोंबडी, गाय, मनुष्य यांच्या कानात कॅल्साइट ही मांडणी असते. द्रव्य एकच, रचना वेगळी. यावरून प्रश्न उभा राहतो की, ही रचना ठरवितो कोण?

याचे उत्तर लहान पट्टेरी झेब्रा माशाच्या अंड्यांवरून मिळाले. रोहू-कटल्याच्या गोतातला हा मासा भारतातील ओढ्यानाल्यांत राहतो. त्याचे अंडे व गर्भ काचेसारखे पारदर्शक असल्याने कान तयार होताना सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहता येतो. अंडे फळल्यापासून पहिला दिवस पुरा होण्यापूर्वीच डोक्याच्या दोन्ही बाजूंस एकेक पोकळ पिशवी दिसू लागते. हाच पुढे कान व्हावयाचा असतो. पिशवीतील द्रवात अतिसूक्ष्म कण तरंगत असतात. पिशवीच्या दोन टोकांस काही पेशी केस उभारून बसलेल्या असतात, व ते कण या केसांच्या टोकांस येऊन चिकटतात. कणांचा तेथे गोळा होतो आणि त्या गोळ्यावर कॅल्शियम कार्बोनेट बसू लागते. म्हणजे आधी जागा ठरते, मग पाया पडतो, आणि चुना सर्वांत शेवटी येतो.

हा पाया कॅल्शियमचा नसतो. तो प्रथिनांचा व साखरेच्या साखळ्या जोडलेल्या प्रथिनांचा असतो. पुढेही चुन्याच्या प्रत्येक थरात या प्रथिनांचे बारीक जाळे विणलेले राहते. स्फटिक कोठे सुरू व्हावा, कोणत्या दिशेने वाढावा व कोठे थांबावा, हे त्या जाळ्यावर अवलंबून असते. झेब्रा माशाच्या गर्भात यांपैकी एका प्रथिनाची निर्मिती रोखली असता गोल, गुळगुळीत खड्याऐवजी काटेरी, चांदणीसारखा स्फटिक तयार झाला. म्हणून त्या प्रथिनाचे नावच चांदणीवरून ठेवले गेले. कॅल्शियम तेवढेच होते. बिघडले ते जाळे.

पशुपक्ष्यांच्या कानात तर हे अधिकच ठळक आहे. त्यांच्या कानातील द्रवात कॅल्शियमचे प्रमाण रक्तापेक्षा कितीतरी कमी असते. अशा द्रवात स्फटिक आपोआप जमणे शक्य नाही. प्रथिनांचे जाळे कॅल्शियमचे कण आपल्याकडे ओढून एकत्र आणते, तेव्हाच तेथे स्फटिक धरतो. गवंड्याच्या कामाची उपमा देता येईल. चुन्याची गोणी दारात येऊन पडली म्हणून भिंत उभी राहत नाही.

माशाच्या बाबतीत खड्याची वाढ जन्मानंतर थांबत नाही. तो जिवंत असेतो रोज एक चुन्याचा व एक प्रथिनप्रधान असा जोडथर खड्यावर चढत राहतो. अशा थरांवरून दिवस मोजता येतात हे जॉर्जिओ पॅनेला यांनी १९७१ साली दाखवून दिले. वर्षाची कडी मोजून वय काढण्याची रीत त्याहून जुनी असून ती १८९९ सालापासून थंड समुद्रातील माशांसाठी चालत आलेली आहे. आपल्याकडील उबदार पाण्यात वर्षाच्या कड्या तितक्या स्पष्ट उमटत नाहीत, म्हणून लहान माशाचे वय दिवसांच्या थरांवरून काढणे सोयीचे पडते. जाळ्यात आलेला वीतभर मासा किती महिन्यांचा आहे व त्याने एकदा तरी अंडी घातली असतील काय, हे ठाऊक असल्यावाचून जाळ्याचा आस केवढा असावा याविषयीची चर्चा अंदाजाचीच राहते. मत्स्यव्यवसायाचे कार्यकर्ते बंदरावर येऊन मासळीची डोकी मागतात ती याकरिता. खडा काढून, धुऊन, सुकवून कागदी पाकिटात ठेवावा व पाकिटावर माशाची जात, लांबी, वजन, ठिकाण व तारीख लिहावी. तारखेवाचून ठेवलेला खडा अभ्यासाच्या फारसा उपयोगी पडत नाही.

पशुपक्ष्यांत मात्र हे स्फटिक बहुतांशी एकदाच, गर्भावस्थेत व जन्मानंतरच्या थोड्या दिवसांत, तयार होतात. उंदरात ते गर्भारपणाच्या तिसऱ्या आठवड्यात धरू लागतात व जन्मानंतर आठवडाभरात पुरे होतात. कोंबडीच्या पिलात त्यांची सुरुवात अंडे उबेस ठेवल्यापासूनच्या पहिल्या काही दिवसांतच होते. त्या वेळी जे बसले नाही ते पुढे बसत नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने या विषयाचे महत्त्व येथे सुरू होते.

पाया घालणारे खनिज

प्रथिनास साखरेच्या साखळ्या जोडण्याचे काम करणारी काही विकरे मँगनीज या खनिजावाचून चालत नाहीत. मँगनीज अत्यल्प लागते, परंतु ते मुळीच कमी पडले तर कानातील जाळे नीट विणले जात नाही आणि चुना असूनही स्फटिक बसत नाहीत. कूर्चेची घडणही याच विकरांवर अवलंबून असल्याने हाडांची वाढ खुंटते.

कोंबड्यांतील या उणिवेचा अभ्यास अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात १९३०च्या दशकापासून झाला. पिलांच्या घोट्याजवळील स्नायुबंध जागेवरून सरकून पाय वाकडा होणे, या विकाराशी मँगनीजच्या कमतरतेचा संबंध तेथे प्रथम लक्षात आला. पुढे १९४४ साली तेथीलच संशोधकांनी आणखी एक गोष्ट प्रसिद्ध केली. मँगनीज कमी असलेले खाद्य ज्या कोंबड्यांना दिले होते, त्यांच्या अंड्यांतून निघालेल्या काही पिलांचा तोल जात असे. आणि हा दोष जन्मजात असून कायमचा होता. दोष कानातील स्फटिकांच्या अभावाचा आहे, हे मात्र नंतर उमगले.

तो उलगडा उंदरांवरील प्रयोगांतून झाला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत ल्युसिल हर्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात गर्भार उंदरांना मँगनीजरहित खाद्य देऊन पाहिले. जन्मलेली पिले डोके वेडेवाकडे धरीत, अडखळत चालत, आणि पाण्यात सोडली असता वर कोणती बाजू हे न कळल्याने गटांगळ्या खात. त्यांच्या कानांत स्फटिक नव्हते किंवा अपुरे होते. मोठ्या उंदरांच्या म्हणजे घुशीसारख्या जातीच्या प्रयोगात माद्यांना गर्भारपणाच्या १४व्या दिवसापर्यंत मँगनीज पुन्हा सुरू केले, तर पिले धड निपजत. त्याहून जसजसा उशीर होई, तसतसा लाभ कमी होत जाई. या संशोधकांचा आणखी एक प्रयोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. फिकट रंगाच्या उंदरांची एक आनुवंशिक जात अशी होती की, तिच्या पिलांच्या कानात स्फटिक धरतच नसत. या जातीच्या गर्भार माद्यांना नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक मँगनीज दिले असता पिलांचे कान सुधारले. त्यांचा रंग मात्र फिकाच राहिला. हे काम १९६६ साली प्रसिद्ध झाले. पुढे फरासाठी पाळल्या जाणाऱ्या मिंक या प्राण्याच्या एका फिक्या जातीतही असेच आढळून आले.

चुना वाढविण्यातील चूक

कानातील स्फटिक चुन्याचे असतात असे ऐकल्यावर कोणासही वाटेल की, कोंबडीस अधिक चुना द्यावा. कवच पातळ पडले की शिंपल्यांचा चुरा वाढविण्याची सवय अनेकांना आहेच. अंडी देणाऱ्या कोंबडीस कॅल्शियम लागते हे खरे, आणि ते योग्य प्रमाणात दिलेच पाहिजे. परंतु खाद्यात कॅल्शियम व स्फुरद गरजेपेक्षा अधिक झाले, तर आतड्यातून मँगनीज शोषले जाण्यास अडथळा येतो. म्हणजे प्रमाणाबाहेर दिलेला चुरा कानातील चुन्याचा पायाच काढून घेतो.

खाडीकाठच्या गावांत याकडे अधिक लक्ष पुरविणे अगत्याचे आहे. तेथे शिंपले फुकट मिळतात, सुक्या मासळीची कुटी व काटेही कोंबड्यांपुढे टाकले जातात, आणि त्यांतील हाडांमुळे कॅल्शियम व स्फुरद दोन्ही वाढतात. धान्य म्हणून बहुधा तांदळाची कणी दिली जाते. भातातील मँगनीज मुख्यतः कोंड्यात असते व गिरणीत पांढऱ्या केलेल्या कणीत ते थोडेच उरते. मका तर या बाबतीत अगदीच दरिद्री आहे. एक किलो मक्यात ते ७ मिलिग्रॅमच्या आसपास असते. उलट गव्हाचा व भाताचा कोंडा यांत त्याच्या दसपटीहून अधिक मँगनीज आढळते. कणी कोंबडीस घालून कोंडा विकून टाकणे हा या हिशेबाने तोट्याचा व्यवहार होय.

दिवसभर मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या हिरवा पाला, किडे व माती यांतून आपली गरज बऱ्याच अंशी भागवून घेतात. त्यांच्यात ही उणीव क्वचित दिसावी. परंतु घोडबंदर रस्त्यालगत मोकळी जागा दरसाल कमी होत आहे, आणि अंगणात फिरणारी कोंबडी जाळीच्या खुराड्यात गेली आहे. खुराड्यातील कोंबडीस मालक जे घालील तेवढेच मिळते. अशा पाच-पंचवीस कोंबड्यांची अंडी उबविण्यास ठेवणाऱ्यांनी पैदाशीच्या पक्ष्यांचे खाद्य निराळे समजले पाहिजे. खावयाच्या अंड्यात मँगनीज थोडे कमी असल्याने कोणाचे अडत नाही. उबेस ठेवलेल्या अंड्यात मात्र पिलास लागणारे सर्व मँगनीज कोंबडीने आधीच भरून ठेवलेले असावे लागते. कवच बंद झाल्यावर त्यात बाहेरून कोणतेही खनिज घालता येत नाही.

ओळख व उपाय

मँगनीजची उणीव असलेल्या अंड्यांतील पुष्कळ गर्भ शेवटच्या तीन-चार दिवसांत, १८व्या ते २१व्या दिवसाच्या दरम्यान मरतात. न फुटलेली अंडी फेकून देण्याऐवजी फोडून पाहावीत. आतील पिलाचे पाय व पंख आखूड, डोके गोल व मोठे, चोच पोपटासारखी वाकडी आणि पोट पुढे आलेले असेल, तर मँगनीजचा संशय बळावतो. त्याच खेपेतील जिवंत पिलांपैकी काही, विशेषतः दचकविली असता, मान पाठीकडे टाकून आकाशाकडे पाहत असल्यासारखी पडली, तर संशयास अधिक जागा आहे. पिलास पाण्यात टाकून परीक्षा पाहण्याचे कारण नाही. उंदरांवर ते प्रयोगशाळेत झाले, तेवढे पुरे.

तथापि मान टाकणारे प्रत्येक पिलू मँगनीजअभावीच तसे करते असे नव्हे. ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावीही पिलू आकाशाकडे मान करते. परंतु ते जीवनसत्त्व दिल्यास काही तासांत ते सावरू लागते. कानातील स्फटिक नसलेले पिलू कशानेही सावरत नाही. ई जीवनसत्त्वाच्या उणिवेत पिलू लोळते व पाय झाडते, पण हे उबेतून निघताच न दिसता बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दिसते. एका विषाणुजन्य मेंदूरोगात डोके व मान थरथरते. राणीखेत रोगात मान पिळवटते, पण त्याबरोबर श्वासाचा त्रास, हिरवट हगवण व मोठ्या संख्येने मरतूक असते, आणि मोठे पक्षीही त्यातून सुटत नाहीत. या शेवटच्या दोन रोगांची शंका आल्यास क्षणाचाही विलंब न लावता नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. ग्रामसेवक किंवा पशुधन पर्यवेक्षकाने प्रथम विचारावयाचा प्रश्न हा की, पिले जन्मतःच अशी आहेत की नंतर झाली, आणि एकाच कोंबडीच्या किंवा एकाच खुराड्याच्या अंड्यांतली आहेत काय. या उत्तरावरून अर्धे निदान होते.

जन्मतः तोल नसलेले पिलू जगले तरी बरे होत नाही. त्यास मँगनीज पाजणे म्हणजे छप्पर पडल्यावर पाया खणणे होय. अशा पिलावर खर्च न करता आईच्या खाद्याकडे वळावे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांत सहा आठवड्यांपर्यंतच्या पिलांसाठी खाद्याच्या प्रत्येक किलोमागे ६० मिलिग्रॅम मँगनीज धरलेले आहे. पैदाशीच्या कोंबड्यांच्या खाद्यातही साधारण इतके मँगनीज असल्यास उणीव राहण्याचे भय नाही. कुक्कुटपालनासाठी मिळणाऱ्या चांगल्या खनिज मिश्रणात ते असतेच, व पाकिटावर प्रमाण छापलेले असते. ते वाचून घ्यावे. गायी-म्हशींचे क्षारमिश्रण कोंबड्यांस घालू नये, दोहोंचे प्रमाण निराळे असते. ज्यांना स्वतः खाद्य मिसळावयाचे आहे त्यांनी १०० किलो खाद्यास मँगनीज सल्फेट सुमारे १९ ग्रॅम या हिशेबाने घ्यावे. मूठभर पांढरी पूड क्विंटलभर खाद्यात एकदम टाकल्यास ती एका कोपऱ्यात राहते. म्हणून ती आधी एक किलो कोंड्यात, मग ते मिश्रण दहा किलो खाद्यात व नंतर सर्व खाद्यात घोळवावी. शिंपल्यांचा चुरा खाद्यात मिसळण्याऐवजी निराळ्या भांड्यात ठेवला, तर कोंबडी आपल्या गरजेप्रमाणे तो टिपते.

खाद्य बदलले म्हणून दुसऱ्याच दिवसापासूनची अंडी उबेस ठेवू नयेत. अंड्यातील पिवळा बलक कोंबडीच्या पोटात सुमारे दहा दिवस भरत असतो, म्हणजे आज घातलेल्या अंड्याचा बलक मागच्या आठवड्यातील खाद्यावर पोसलेला असतो. बदलानंतर निदान दोन आठवडे अंडी घरी खाण्यास किंवा बाजारास पाठवावीत. त्यानंतरची अंडी तारीख घालून ठेवावीत व खुडूक कोंबडीखाली किंवा उबवणी यंत्रात मांडावीत. २१ दिवसांनी पिले निघतील तेव्हा न फुटलेली अंडी पुन्हा एकदा फोडून पाहावीत, व मागील खेपेच्या नोंदीशी ताडून घ्यावीत.